वन्सा मोरे ऊर्फ माझ्या वन्सं

वन्सं, तुमच्या शोकसभेत आपल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांनी तुम्हाला चक्क ऑपेरा गायिका करून टाकलं. "दिल्लीच्या रंगमंचावर इटालियन ऑपेरा गाणारी पहिली मराठी स्त्री," असं ते म्हणाले आणि पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. तुम्ही असतात तर "गाणारी नाही हो, सांगणारी" म्हणून तिथल्या तिथे त्यांचं वाक्य दुरुस्त केलं असतंत. खरं तर मी उठायला हवं होतं. तुमची एकुलती एक भावजय मी, नीला. पण मी खुर्चीला चिकटून बसले, कारण उठले असते तर सगळंच सांगावं लागलं असतं, आणि त्यातलं एक वाक्य मी आजवर चारचौघांत कधी बरोबर म्हटलेलं नाही. तुम्हाला जाऊन आज चौदा दिवस झाले. ते वाक्य नीट म्हणता यावं म्हणून हे लिहायला घेतलं आहे.

दिवसा तुम्ही दिल्लीत केंद्राच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होतात, पण ते आपलं पोटासाठी. खऱ्या तुम्ही प्रॉम्प्टर. सांगलीहून लग्न होऊन मी लक्ष्मीबाई नगरच्या तुमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आले तेव्हा तुमचा भाऊ शेखर मला म्हणाला होता, "ताईसमोर बोलताना वाक्य पूर्ण करत जा. अर्धं सोडलंस तर ती पुरं करते." मला वाटलं चेष्टा करतोय. पंधरा दिवसांत कळलं. दूधवाला असो, वरच्या मजल्यावरच्या मिसेस चड्ढा असोत की टीव्हीवर बातम्या देणारे गृहस्थ, कुणी अडखळलं की तुमचे ओठ हलायचे. मी तर नवी सून, दर दोन वाक्यांना अडखळणारी. तुम्ही पुरं केलेलं वाक्य बहुतेक वेळा माझ्या मनातल्यापेक्षा बरं असायचं, याचाच मला जास्त राग यायचा.

मंडळाच्या गणपतीत दर वर्षी एक जुनं संगीत नाटक व्हायचं. रंग लावून उभे राहायचे अवर सचिव, बँकेतले मॅनेजर, कॅन्टोन्मेंटातले एखादे सुभेदार. यांतल्या कुणाचंच पाठांतर धड नसायचं. विंगेत स्टुलावर तुम्ही, मांडीवर ब्राऊन पेपरचं कव्हर घातलेली वही, गालात खडीसाखर. अख्खं नाटक तुमच्या कुजबुजीवर चालायचं आणि तरी पहिल्या रांगेपर्यंत तुमचा आवाज कधी गेला नाही. पद रंगलं की मागून "वन्स मोअर!" यायचा, नट खूश होऊन पुन्हा षड्ज लावायचे आणि तुम्ही वहीचं पान उलटं फिरवायचात. एका वर्षी मी म्हटलं, पत्रिकेत तुमचंही नाव घालू या. तुम्ही उडवूनच लावलंत. "प्रॉम्प्टरचं नाव छापलं की लोकांना कळतं, नट पाठ करून आले नव्हते." यावरून आपली जुंपली होती. मला अजूनही ते पटलेलं नाही.

मग ती भराभर बदलणारी वर्षं आली. परदेशी कंपन्या आल्या, घराघरांत केबल आली, यमुनेपलीकडे शेतं होती तिथे सोसायट्या उठल्या. आम्ही गाझियाबादला फ्लॅट घेतला. तुम्ही क्वार्टर सोडली नाहीत. मला कॅनॉट प्लेसला एका नव्या कंपनीत जनसंपर्काचं काम मिळालं. काचेची केबिन, एसी, टेबलावर माझ्या नावाची पाटी. मी केस कापले, इंग्रजी सुधारलं, डब्यात पोळीऐवजी सँडविच न्यायला लागले. तुम्ही एकदा शेखरला म्हणालात, "आपली नीला आता साहेबीण झाली हं." त्यात कौतुक होतं, पण तेव्हा मला ते टोमण्यासारखं लागलं.

त्याच सुमारास एका वकिलातीने दिल्लीकरांना ऑपेरा दाखवायचं ठरवलं. दोनशे वर्षांपूर्वीचा, सरदार-उमरावांच्या काळातला, इटालियन भाषेतला विनोदी ऑपेरा. दिल्लीत ऑपेरा हाऊस नाही, म्हणून मंडी हाऊसच्या भागातलं एक मोठं थिएटर घेतलं. मुख्य गायक आणि कंडक्टर तिकडून येणार, कोरस दिल्लीतून जमवायचा, वाद्यवृंदात काही जण लष्करी बँडमधले. प्रायोजक आमची कंपनी, आणि कंपनीतर्फे धावाधाव करणारी मी. माझी नोकरी अजून पक्की झालेली नव्हती आणि आमचे मेहरा साहेब म्हणत होते, "नीला, यह शो हो गया तो समझो तुम भी हो गयीं."

पहिल्याच आठवड्यात तिकडून आलेल्या प्रॉम्प्टर बाईंना कावीळ झाली. कोरसात होती एक केरळची नर्स, फरीदाबादचे एक कारखान्यातले इंजिनियर, शाळांमधून गाणं शिकवणाऱ्या तीन-चार बंगाली बायका. गळे सुंदर, पण इटालियनची एक ओळ कुणाच्या डोक्यात राहीना. मीटिंगमध्ये साहेब भडकले, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, मेरी जान-पहचान की एक लेडी हैं." जान-पहचान की. नणंद म्हणाले नाही. त्या क्षणी मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. साहेब "कर लो" म्हणाले आणि विसरूनही गेले; तालमीला ते कधी फिरकलेच नाहीत.

तुम्हाला फोन केला. "वन्सं, इटालियन येईल का हो?"

"मला संस्कृत तरी कुठे येतं? नांदी सांगतेच ना दर वर्षी?"

दुसऱ्या दिवशी तुम्ही महिन्याभराची अर्जित रजा टाकलीत. आयुष्यात पहिल्यांदा. आणि मग जे काम तुम्ही केलंत ना वन्सं, ते मला आज छाती फुगवून सांगावंसं वाटतं. कॅसेट थांबवत, मागे घेत, पुन्हा लावत, तुम्ही तो अख्खा ऑपेरा देवनागरीत उतरवून काढलात. ऱ्हस्व-दीर्घ अचूक. श्वास कुठे घ्यायचा तिथे लाल दंड, ताल कुठे अडतो तिथे निळी फुली. "भाषा सरळ आहे गं, जशी लिहितात तशी बोलतात. इंग्रजीसारखा चोरटेपणा नाही." सरकारी फायलीसारख्या नाड्या ओवलेल्या त्याच्या प्रती कोरसात वाटल्या गेल्या. केरळच्या नर्सने त्यावरून आपली मल्याळममधली वही केली. आठ दिवसांत फरीदाबादचे इंजिनियर पान न बघता गायला लागले. गोष्ट ऐकून तुम्ही म्हणालात, "वेषांतर, चुकीच्या हातात पडलेली चिठ्ठी, चतुर मोलकरीण, शेवटी लग्न. हे तर आपलंच नाटक, फक्त पेटीच्या जागी चाळीस माणसं बसवलीत." एक शंका मात्र तुम्हाला छळत होती.

"प्रत्येक गाण्यात हा आमोरे कोण येतो? आपल्यातल्या मोऱ्यांपैकी आहे का कुणी?"

"आमोरे म्हणजे प्रेम, वन्सं."

"असं होय. तरीच सगळे त्याच्या नावाने रडतायत."

कंडक्टरना सगळे माएस्त्रो म्हणायचे. तुम्ही पहिल्याच दिवशी ठरवलंत की माएस्त्रो म्हणजे मास्तरच, आणि तसंच म्हणायला लागलात. ते सत्तरीचे, कडक, कुणाचं न ऐकणारे. तुम्ही त्यांच्याशी फायलीतल्या इंग्रजीत भांडायचात. "मास्तर, काइंडली रेफर टू पेज इलेव्हन." नट थांबला की शब्द द्यायचा ही आपली रीत. ऑपेरात थांबायला जागाच नसते, त्यामुळे प्रत्येक ओळीचा शब्द गायकाला आधीच द्यावा लागतो. हे त्यांनी तुम्हाला शिकवलं आणि तुम्ही म्हणालात, "म्हणजे समेच्या आधी मुखडा हातात ठेवायचा. मग असं सांगा ना!" चौथ्या दिवशी तेच मास्तर पान अकरा उघडून तुमची वाट बघत बसलेले मी पाहिले.

तालमीत मी सवयीने "वन्सं, चहा घेता का?" अशी हाक मारली आणि सगळ्यांना वाटलं तेच तुमचं नाव. तुम्ही वन्सा मॅडम झालात. मास्तरही सिन्योरा वन्सा म्हणायला लागले. मी कुणालाच सांगितलं नाही की हे नाव नाही, नातं आहे. तुम्हाला मात्र मजा वाटत होती. साधी सुती साडी, तेल लावलेला अंबाडा, खांद्याला कापडी पिशवी अशा तुम्ही चार्टर्ड बसमधून उतरून त्या थिएटरात शिरायचात तेव्हा मी हातातल्या कागदांत डोकं घालायचे. हेही आज सांगून टाकते.

मोलकरणीची भूमिका करणारी ती पोरगी आठवते ना? तेवीस-चोवीसची असेल. दिल्लीच्या धुळीने तिचा घसा धरला होता. दुसऱ्या अंकातलं तिचं मोठं गाणं तालमीत दोनदा अर्ध्यावर सुटलं आणि मास्तर सगळ्यांसमोर तिच्यावर ओरडले. तुम्ही तिला ज्येष्ठमधाची काडी दिलीत, बाजूला घेऊन बसलात. तिला तुमची भाषा येत नव्हती, तुम्हाला तिची. ती हळू गायची, तुम्ही नुसते ओठ हलवायचात. रोज अर्धा तास. "आईपासून किती लांब आलीये बिचारी," म्हणायचात.

प्रयोग रविवारी दुपारी होता. रंगमंचाच्या पुढच्या कडेला, मधोमध, सुतारांनी तुमच्यासाठी लाकडी खोकं बसवलं होतं. पाठ प्रेक्षकांकडे, तोंड गायकांकडे. त्यात घरून आणलेल्या पाटावर तुम्ही, बॅटरी, वही, खडीसाखर. तिसऱ्या रांगेत मेहरा साहेब आणि त्यांच्या शेजारी मी. पुढे राजदूत, सचिव, मोठमोठ्या कंपन्यांचे लोक. मागे पासवर आलेली आपली मंडळाची माणसं आणि बँडवाल्यांना ऐकायला आलेले चार-सहा जवान.

दुसरा अंक आला. त्या पोरीचं गाणं सुरू झालं आणि वन्सं, काय गायली हो ती! घसा जणू धुऊन काढलेला. शेवटचा स्वर तिने सोडला, वाद्यं थांबली आणि हॉल गप्प. कुणी टाळीच वाजवेना. लोकांना आवडलं नव्हतं असं नाही. प्रत्येक जण शेजारच्याकडे बघत होता, कारण ऑपेरात टाळी नेमकी कधी वाजवायची हे कुणालाच माहीत नव्हतं आणि चुकीच्या जागी वाजवून आपण गावंढळ ठरू ही भीती सगळ्या भारी सुटांना होती. मलाही होती. त्या पोरीचा चेहरा उतरत गेला. मास्तरांनी पुढच्या पानाला हात घातला.

आणि खोक्यातून आवाज आला, "वन्स मोअर!"

पंचवीस वर्षं जो आवाज पहिल्या रांगेपर्यंत जाऊ दिला नव्हतात, तो थेट शेवटच्या भिंतीपर्यंत गेला. वर तुम्ही डोकं बाहेर काढून प्रेक्षकांकडे वळलात. अंबाडा, चष्मा, सगळं दिसलं. त्या शांततेत मेहरा साहेब माझ्याकडे वळले. "हू इज शी? कौन है ये औरत?"

मी म्हणाले, "पता नहीं, सर."

पुढच्या क्षणाला मागून आपल्या मंडळींचा गजर उठला, "वन्स मोअर! वन्स मोअर!" जवानांनी तर शिट्ट्याच मारल्या. मग सगळा हॉल टाळ्यांनी दणाणला, राजदूतसुद्धा. मास्तरांनी तुमच्याकडे बघितलं. मग हसले, पान उलटं फिरवलं आणि हात उचलला. ती पोरगी डोळे पुसत पुन्हा गायली, पहिल्यापेक्षा सरस.

पडदा पडल्यावर मास्तरांनी तुम्हाला हात धरून खोक्यातून वर घेतलं आणि माइकवर सांगितलं की हा ऑपेरा रचला गेला त्या काळात लोक असंच ओरडायचे आणि गायक असंच पुन्हा गायचे. चाळीस वर्षं मी हे पुस्तकात वाचत आलो, म्हणाले, आज पहिल्यांदा कुणी मागितलं. सगळं थिएटर तुमच्यासाठी उभं राहिलं. तुम्ही पदर सावरत एकदाच नमस्कार केलात आणि आत पळालात. साहेब टाळ्या वाजवत म्हणाले, "फाइंड आउट हू शी इज." मी म्हणाले, "यस सर." शोध घ्यायची वेळच आली नाही. केरळच्या नर्सने बाहेर त्यांना सांगून टाकलं की यांचं नाव वन्सा मोरे, आज त्यांनी स्वतःच मोठ्याने सांगितलं ना! माझं खोटं तुमच्या चुकीच्या नावाआड सुखरूप राहिलं आणि पुढच्या महिन्यात माझी नोकरी पक्की झाली.

गाडीत मी तुमच्यावर तोंड टाकलं. शेखर गाडी चालवत होता. "मंडळाचा गणपती वाटला का तुम्हाला तो? की जीभ घसरली? काय हसं झालं असतं!"

"जीभ घसरली नाही, नीला," तुम्ही शांतपणे म्हणालात. "प्रेक्षक वाक्य विसरले होते. मी सांगितलं."

"ते तुमचं काम नव्हतं."

"मग कुणाचं होतं?"

लक्ष्मीबाई नगरला तुम्ही "वर चला, थालीपीठं लावते" म्हणालात आणि मी डोकं दुखतंय असं सांगितलं. तुमचं बरोबर होतं हे त्याच संध्याकाळी घरी जाताना मला यमुनेच्या पुलावर कळून चुकलं होतं. मान्य करायला मात्र तोंड उघडलं नाही.

आणि पुढे काय केलं मी? सोसायटीच्या हळदीकुंकवाला, वाढदिवसांना, मुलीच्या सासरी, सगळीकडे हा किस्सा रंगवून सांगितला. तुमच्या आवाजाची नक्कल, मास्तरांचं हसू, सगळं. फक्त एक जागा बदलली. "साहेबांनी मला विचारलं, कौन है ये? मी ताठ मानेने म्हटलं, मेरी ननद हैं, सर!" बायका टाळ्या वाजवायच्या. तुम्ही कोपऱ्यातल्या खुर्चीत चिवड्याची बशी घेऊन बसलेल्या असायचात. एकदाही काही बोलला नाहीत. मला वाटायचं, खोक्यात होत्या, त्यांना काय ऐकू गेलं असणार. हॉल त्या क्षणी किती शांत होता, हे मी स्वतःला विसरायला लावलं होतं.

गेल्या महिन्यात दवाखान्यात, दुपारची वेळ. शेखर औषधं आणायला खाली गेला होता. तुम्ही दोन दिवस फारसं बोलला नव्हतात. मला राहवलं नाही. मी तुमचा हात धरला. "वन्सं, एक सांगायचंय. त्या ऑपेराच्या दिवशी साहेबांनी मला विचारलं ना, ही कोण म्हणून, तेव्हा मी…" आणि पुढचं काही येईना.

तुमचे डोळे मिटलेले होते. ओठ हलले. माझ्यापलीकडे कुणाला जाणार नाही असा, विंगेतला आवाज.

"पता नहीं, सर."

म्हणजे ऐकलं होतंत. आणि ज्या बाईला टीव्हीवरच्या माणसाची चूक सोसायची नाही, तिने आपल्या भावजयीचं खोटं वाक्य एवढी वर्षं समोर बसून ऐकून घेतलं होतं. मी तिथे लहान मुलीसारखी रडले. मग म्हटलं, "हो वन्सं. 'पता नहीं, सर' म्हणाले मी."

"हं," म्हणालात. "झालं एकदाचं पाठ." आणि पाणी मागितलंत.

मला त्यापुढेही बोलायचं होतं. त्या दिवशी मला तुमची लाज वाटली होती, खोटं कशाला बोलू. पण तुमच्यासाठी उभं राहिलेलं ते थिएटर डोळ्यांसमोर आलं की आजही माझा ऊर भरून येतो, हे सांगायचं होतं. तुम्ही पाणी पिऊन कुशीवर वळलात आणि ते राहून गेलं. मेहरा साहेब आता कुठे असतात, असतात की नाही, मला माहीत नाही. तुमचा नियम मोडून तुमच्या नावासकट हे मंडळाच्या अंकात छापायला देते आहे. त्यांनी भर हॉलमध्ये विचारलं होतं, मीही चारचौघांतच सांगते.

पता है, सर. प्रमिला नाम है उनका. मेरी ननद हैं.